साठची रेघ

"खालची पापणी हळूच ओढ, पेशंटला वर बघायला सांग, आणि पुरतं बघून होईपर्यंत तोंडातून शब्द काढू नकोस."

आमच्या डॉक्टर खोब्रागडे मॅडमनी मला हे पहिल्याच दिवशी सांगितलं, तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. नेत्र तंत्रज्ञाचा कोर्स करून गोंदियाकडच्या ह्या तळ्यांच्या मुलखात, एका ट्रस्टच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नुकतीच लागले होते. मॅडम म्हणायच्या, पेशंट आपल्या तोंडाकडे बघत असतो. आपण नुसतं 'अरे' म्हटलं तरी त्याचा अर्धा जीव जातो.

न बोलणं मला जड गेलं नाही. मी मुळातच कमी बोलणारी. सकाळी अंघोळ, तुळशीला पाणी, देवापुढे दिवा, पोथीचा एक अध्याय आणि मगच पाण्याचा घोट, हा माझा नेम लग्नाच्या आधीपासूनचा. दवाखान्यातला शिपाई म्हणायचा, "ज्योत्स्नाबाईले तहान लागतच नाही जी. बाईच्या पोटातच टाकी हाय."

पापणी ओढून आम्ही काय शोधायचो ते सांगते. आमच्या भागात सिकलसेल फार. धडधाकट माणसाच्या रक्तातली तांबडी पेशी भिजलेल्या साबुदाण्यासारखी असते, गोल, मऊ, सुटी. सिकलसेलवाल्याच्या अंगात पाणी कमी पडलं, ताप आला, दम लागला की त्याची पेशी विळ्यासारखी वाकते आणि ताठ होते. बारीक नसेत अशा चार-दोन अडकल्या की मागचं सगळं रक्त खोळंबतं. हाडात खोळंबलं तर माणूस तळमळतो, मेंदूत खोळंबलं तर लुळा पडतो. ह्याची खूण खालच्या पापणीआड, डोळ्याच्या पांढऱ्यावर दिसते. तिथली नस सलग नसते, तुकड्यातुकड्यांनी दिसते, कुणी स्वल्पविराम मांडून ठेवावेत तशी.

माझ्या स्वतःच्या लेकीच्या डोळ्यात ते स्वल्पविराम मी पाहिले तेव्हा ती चार वर्षांची होती. घरी, खिडकीपाशी, पसरलेलं काजळ पुसताना. तेव्हाही मी शब्द काढला नाही. ह्यांच्यात आणि माझ्यात अर्धा अर्धा दोष होता. दोघं धडधाकट, म्हणून लग्नाआधी रक्त कुणी तपासलं नाही. पत्रिका मात्र तपासली होती, छत्तीसपैकी एकतीस गुण जुळले होते.

कस्तुरी नऊ वर्षांची असताना हे गेले, ट्रॅक्टर उलटून. मग आम्ही दोघीच. तिच्या पाण्याच्या बाटलीवर मी नेलपॉलिशनं रेघा ओढल्या होत्या, तासाला एक रेघ. "पाणी पी" मी इतक्यांदा म्हणायची की शेजारची बारकी पोरं तिला 'पाणीपी'च म्हणत. तिचं नाव तेच आहे असं त्यांना वाटायचं.

कस्तुरी सतरा वर्षांची झाली त्या साली दवाखान्यात 'दर्पण' नावाचं मशीन आलं.

कातडी न चिरता रक्त वाहताना नीट बघता येतं ते डोळ्यात. दर्पण एवढंच करायचं. हनुवटी टेकवून दोन मिनिटं बसायचं. तेवढ्यात ते पांढऱ्यावरच्या नसांची आणि आत मागच्या पडद्यावरच्या नसांची हजारो चित्रं घ्यायचं. एकेका पेशीचा माग काढायचं: कुठे अडखळली, किती वेळ, कुठून वाट काढून निघाली. मग लाखो इतर डोळ्यांशी ताडून सांगायचं, ह्या माणसाला दोन दिवसांत रक्त खोळंबून झटका येणार की नाही. येणार असेल तर आम्ही आदल्या दिवशीच भरती करून सलाइन लावायचो, रक्त चढवायचो. दोन वर्षांत आमच्या तालुक्यात झटक्यानं एकही मूल दगावलं नाही. मी संध्याकाळी देवापुढे एक वात जास्त लावायला लागले, दर्पणाच्या नावानं.

मग त्याच्याजवळ एवढी चित्रं साठली की ते लांबचं सांगू लागलं. शंभरातला एक अंक. माणसाच्या नसा अजून किती सोसतील, त्याचा.

ह्या अंकाची गरज पडली ती जनुक-दुरुस्तीमुळे. हाडाच्या मज्जेतल्या मूळ पेशी काढायच्या, त्यांच्यातलं एक चुकलेलं अक्षर दुरुस्त करायचं आणि पुन्हा अंगात सोडायच्या. माणूस कायमचा बरा. पण सोडण्याआधी जुनी मज्जा जबर औषधानं जाळून काढावी लागते. पहिल्या वर्षी साठच्या खालच्या नऊ जणांना ते औषध दिलं, सात त्यातच गेले. तेव्हापासून साठची रेघ आली. वर्षाला चाळीस जागा, नागपूरला. लागोपाठ तीन महिने तीन मोजण्या, तिन्ही साठच्या वर.

लोकांनी ही रेघ दवाखान्यातून घरी नेली. सोयरिकीत अंक विचारायला लागले. सत्तेचाळीस अंकाच्या मुलीला बघायला कुणी येईना. एका बापानं धाकट्याचा अंक एकोणतीस आला म्हणून त्याचं नाव शाळेतून काढलं आणि त्याच्या वाटणीचं दूध थोरल्याला चालू केलं. थोरल्याचा बहात्तर होता. त्या बापाला मी काही बोलले नाही. अंक मीच वाचून दाखवला होता.

कस्तुरीला ह्या सगळ्याचं हसू यायचं. ती बावीस वर्षांची होती आणि सारस मोजायची. सारस पक्षी आता राज्यात आमच्या धानाच्या शेतांत, बांध्यांतच काय ते उरलेत. पाच फूट उंच, राखी अंगाचे, लाल डोक्याचे, आणि जन्मभर जोडीनं राहणारे. गावच्या सारस मंडळानं एकेकाला एकेक तळं वाटून दिलं होतं. तिच्याकडे आमच्याजवळचं लहान तळं होतं, बोडी म्हणतो आम्ही त्याला. दर रविवारी पहाटे दुर्बीण घेऊन जायची आणि वहीत लिहायची.

"आई, तुझं मशीन माणसं मोजतं, मी पाखरं मोजते," ती म्हणायची. "फरक एवढाच की मोजल्यावर माझी पाखरं रडत नाहीत."

"तुझा अंक आला की बघते कोण रडतं ते."

"तूच. आणि रडून झालं की एक उपास वाढवशील."

आषाढात तिचा अंक आला चौसष्ट. श्रावणात बासष्ट. तिसरी मोजणी भाद्रपदात होती, ऋषिपंचमीच्या दुसऱ्या दिवशी. आमच्या तालुक्याला ह्या खेपेला एक जागा होती आणि यादीत कस्तुरीचं नाव पहिलं होतं. तिच्यामागे रोहिणी उईके नावाची सतरा वर्षांची मुलगी. तिचे दोन्ही अंक साठच्या वरचे होते, पण कस्तुरीचा अर्ज आधीचा.

मी देवाला बोलले होते. जागा मिळाली तर जन्मभर मीठ सोडीन.

हरतालिकेचा उपास मी निर्जळ करते. हे गेल्यावरही सोडला नाही, लेकीच्या नावानं करते; धरलेलं व्रत सोडत नाहीत. कस्तुरीला मात्र मी कधी एकादशीसुद्धा करू दिली नाही. त्या दिवशी तिची बाटली सकाळी भरून ठेवली, दुपारी रिकामी दिसली, पुन्हा भरली, संध्याकाळी पुन्हा रिकामी. रेघांप्रमाणे सगळं बरोबर. दिवेलागणीला तुळशीपाशी गेले तर माती ओलीगच्च. मला बरं वाटलं. आईच्या पोटात पाणी नाही म्हणून लेकीनं तिच्या वाटचं तुळशीला घातलं असेल, असं मनात आलं. घशाला कोरड होती तरी मी तिथे उभं राहून दोन ओळी गुणगुणले.

दुसऱ्या दिवशी चतुर्थी. मूर्ती आदल्या दिवशीच आणली होती, तोंडावर रुमाल टाकून, आणतात तशी. सकाळी चौरंगावर बसवली, रुमाल काढून घडी करून ठेवला, आणि दूर्वा निवडायला बसले. कस्तुरी अंघोळ करून आली आणि दारात थांबली.

"आई, रुमाल अजून काढला नाहीस?"

मी मूर्तीकडे बघितलं. मग तिच्याकडे. ती उजवा डोळा हातानं झाकून बघत होती, मग डावा झाकून.

"पाणी आण," मी म्हटलं, आणि तेवढ्यात कळलं की जिला दिसत नाही तिलाच हे मी सांगते आहे.

सुट्टी होती. मॅडमना फोन केला, दवाखाना उघडायला लावला. स्कूटरवर कस्तुरी माझ्या पाठीला डोकं टेकून बसली होती आणि रस्त्यात कुठेतरी ढोल वाजत होता. मॅडम येईपर्यंत मीच तिला दर्पणापुढे बसवलं.

डाव्या डोळ्याची मुख्य नस बंद पडली होती. मागचा पडदा लाल असायला हवा तो दुधासारखा पांढुरका झाला होता, आणि मधोमध कुंकवाच्या टिकलीएवढा एक लाल ठिपका. उजव्यात कडेला पंख्यासारख्या कच्च्या नसा फुटल्या होत्या आणि एकीतून रक्त झिरपत होतं. अंक आला अडतीस.

पुरतं बघून होईपर्यंत मी शब्द काढला नाही.

"किती?" तिनं विचारलं.

"मॅडमना येऊ दे."

"म्हणजे साठ नाही."

सलाइन लावलं, रक्त बदलायला घेतलं. डाव्यासाठी उशीर झाला होता. पडद्याला रक्त नाही मिळालं तर तो तास-दोन तासांच्या वर टिकत नाही, आणि हे पहाटे झोपेतच होऊन गेलं होतं. दुपारी ती पलंगावर पडल्यापडल्या म्हणाली, "काल मी पाणी प्यायले नाही."

"बाटली रिकामी होती."

"तुळशीत ओतली. दोन्ही वेळा."

मी सलाइनच्या नळीकडे बघत राहिले. थेंब मोजायची सवय आहे मला.

"का गं?"

"तू दरवर्षी करतेस ना माझ्यासाठी. ह्या वर्षी मोजणी होती. म्हटलं, जिच्यासाठी मागायचं तिनं पण थोडं मागावं." ती थांबली. "परवाच्या तपासणीत दर्पण म्हणालं होतं, दोन दिवस धोका नाही. म्हणून तेवढा एकच दिवस धरला. अंदाज घेऊनच केलं, आई."

दर्पणाला तिचं रक्त ठाऊक होतं. तिचा उपास त्याला कुणी सांगितला नव्हता. आणि उपास ती कुणाकडून शिकली, हे सांगायची गरज नव्हती.

संध्याकाळी मॅडमनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या.

"परवा तिसरी मोजणी नागपूरला पाठवायची आहे," त्या म्हणाल्या. "श्रावणातलं तिचं चित्र तुझ्याकडेच आहे. तारीख तूच टाकतेस. मी परवा दिवसभर शिबिराला आहे."

मॅडमना मी तीस वर्षं ओळखते. त्यांनी कधी एक सुईसुद्धा हिशेबाबाहेर वापरली नव्हती.

"मॅडम, ते औषध तिला सोसेल?"

"नाही."

"मग असं का सांगता?"

"नऊतले दोन जगले होते, ज्योत्स्ना."

ते दोन दिवस मी कसे काढले ते लिहिता येत नाही. घरात गणपती होता, त्याला नैवेद्य दाखवायचाच होता. मोदकाच्या पाऱ्या फाटत होत्या. नऊतले दोन, मी मनात म्हणायची. मग म्हणायची, नऊतले सात. त्या दोघांत कस्तुरी असेल असं देवाला विचारलं, देव काही बोलला नाही. तो ह्याआधीही कधी बोलला नव्हता, पण तेव्हा मला त्याचं ऐकायचं नव्हतं, आपलंच सांगायचं असायचं.

परवाच्या दिवशी रोहिणी उईके आईबरोबर आली. तिची हनुवटी टेकवली, पापणी ओढली, वर बघायला सांगितलं. अंक सहासष्ट. ती गेल्यावर मी दोन चित्रं पडद्यावर शेजारी शेजारी लावली, कस्तुरीचं श्रावणातलं आणि कस्तुरीचं चतुर्थीचं. बराच वेळ बसले. मग चतुर्थीचं पाठवलं.

मी खरेपणासाठी तसं केलं, असं लोक पुढे म्हणाले. मला खात्री नाही. कदाचित माझ्या हातानं ती त्या औषधात जाईल ह्याची भीती जास्त असेल.

रोहिणीला जागा मिळाली. आठवड्यानं तिची आई पदराखाली उकडलेले शिंगाडे घेऊन घरी आली, आणि मी 'नको नको' म्हणेपर्यंत पायाशी वाकली.

"बाई, तुमच्या हातानं झालं जी. तुमच्या लेकीचाबी नंबर लागल. देव हाय."

"हो," मी म्हटलं.

कस्तुरी आतल्या खोलीतून ऐकत होती. रोहिणीची आई गेल्यावर म्हणाली, "शिंगाडे आण इकडे. आपल्या कमाईचे आहेत."

मग सोलता सोलता, "तुला चित्र बदलता आलं असतं ना?"

"हो."

ती शिंगाड्याचं साल नखानं काढत राहिली, एका डोळ्यानं, वाकून.

"रोहिणीचा किती?"

"सहासष्ट."

"चांगला आहे," ती म्हणाली. "जाऊ दे. पण मला विचारायला हवं होतंस, आई."

मी सालं गोळा करून घेतली.

उजव्या डोळ्याला लेझर केलं. कच्च्या नसा जाळल्या तरी नव्या फुटल्या. आधी तिला हवेत काळे धागे दिसायचे, मग धूर, मग कोजागिरीच्या सुमाराला सगळंच लालसर, आणि त्यानंतर नुसता उजेड आहे की नाही एवढंच. शस्त्रक्रियेला तिचं रक्त तयार नव्हतं. दर्पणापुढे मी तिला अजूनही बसवते. त्याला तिच्या डोळ्यात आत शिरता येत नाही, पण पांढऱ्यावरच्या नसा पुरतात. ते आता अंक देत नाही, उरलेले महिने देते. अकरा ते चौदा. तिनं विचारलं, मी सांगितलं.

सांगितलं त्याच संध्याकाळी तिनं माझा हात धरला. "मला शब्द दे. रविवारी तळ्यावर तू जायचंस. दिसेल तेवढंच मला सांगायचंस, मला बरं वाटावं म्हणून वाढवून नाही. रोहिणीच्या आईला 'हो' म्हणालीस, तसं नाही."

"दिला."

"अजून एक. उठल्यावर आधी पाणी प्यायचं. दिव्याच्या आधी, अंघोळीच्या आधी."

"कस्तु, तो माझा तीस वर्षांचा नेम आहे."

"म्हणून तर."

मी शब्द दिला. देवाला काही समजावत बसले नाही.

पहिल्या रविवारी जोडी दिसली आणि मागे गुडघाभर पाण्यात तांबूस पिल्लू. मी येऊन सांगितलं, तीन. तिनं मला वही आणायला लावली, माझ्याकडून लिहवून घेतलं, तारीख, वेळ, ढग होते का. "पिल्लू कुणाच्या मागे होतं? आईच्या की बापाच्या?" "मला कसं कळणार?" "उंच तो बाप. तीस वर्षं डोळे बघतेस आणि एवढं दिसत नाही?" ती बऱ्याच दिवसांनी हसली.

दिवाळीच्या आधी पिल्लू दिसेनासं झालं. धानाची कापणी सुरू होती, कुत्री बांध्यांतून फिरत होती. मी सांगितलं, दोन. त्यानंतरचे दोन रविवार दोनच. मागच्या रविवारी तळ्याच्या काठाला एकच होता. मान खाली घालून उभा होता, चरत नव्हता. मी ऊन वर येईपर्यंत थांबले, तळ्याला पूर्ण फेरी घातली, आणि घरी आले.

"एक," मी म्हटलं.

तिनं मान भिंतीकडे वळवली. "दुसरा पलीकडच्या बोडीवर असेल. तू घाईत आलीस."

"घाईत नाही आले. तीन तास होते."

"मग लिही एक."

मी लिहिलं.

आज रविवार. पहाटे उठले तेव्हा बाहेर धुकं होतं. देवघरातला दिवा अजून लावला नव्हता. तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं आणि देवापुढेच उभं राहून प्यायले, सबंध पेला. गार होतं. आत उतरताना छातीत कळलं.

"प्यायलीस?" खोलीतून आवाज आला. हल्ली ती माझ्या आधी जागी असते.

"प्यायले."

"दोन्ही बाजूंनी बघ."

"बघते."

तिची बाटली भरून हाताशी ठेवली, तिचा अंगठा नेलपॉलिशच्या पहिल्या रेघेवर टेकवला. दुर्बिणीच्या काचा पदरानं पुसल्या, वही पिशवीत टाकली. सारसाची जोडी एकमेकांच्या सुराला धरून हाक देते, ती दोन-दोन कोस जाते, घरात पडल्यापडल्याही ऐकू येते. एकटा असला की तशी हाक देत नाही. कस्तुरी पहाटेपासून त्याच हाकेसाठी कान लावून पडलेली असते, म्हणून मी स्कूटर दारात सुरू केली नाही. फाटक हळूच लावून घेतलं आणि ढकलत ढकलत कोपऱ्याच्या पुढे नेली.